खोडलेल्या नावाशेजारी

"आला पुन्हा लेकाचा! या गावात भल्या मनाची एवढी माणसं आहेत, तर काल मागितलेली शिडी मला शेजाऱ्याने का दिली नाही, ते सांगा."

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारा होता मिकिओन पाथरवट, आणि 'लेकाचा' म्हणाला तो मला. तेव्हा माझी निम्मी अक्षरं दगडात उतरली होती आणि निम्मी त्याच्या छिन्नीच्या टोकाशी होती. माझ्या अंगावर साचलेली भुकटी त्याने फुंकर मारून उडवली. फुंकरीला कांद्याचा वास होता. मग अंगठ्याने त्याने माझ्या खाचांत लाल रंग भरला, मान वाकडी करून पाहिलं आणि पुटपुटला, "झाला बाबा एकदाचा. दिसतोय मात्र चांगला."

मी एक जुना शब्द आहे. विशेषण म्हणतात मला. माझं नाव एउनूस. ज्याच्या मनात दुसऱ्याचं भलं आहे, त्याला आमच्याकडे एउनूस म्हणत. तुम्ही 'भल्या मनाचा' म्हणा, मला चालेल. आमच्या बेटांवर चाल अशी होती, की बाहेरच्या माणसाने गावाचं काही भलं केलं की सगळं गाव सभेला बसे, ठराव करी, तो संगमरवरावर कोरून घेई आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल अशा जागी उभा करी. त्या प्रत्येक ठरावात मी असायचोच. कधी खरा, कधी उगाच. तुमच्याकडे चौकातल्या फलकांवर तो 'शुभेच्छुक' असतो ना, त्याला विचारा. आमचं दुःख एक आहे.

पण ज्या दगडावर हा माझा जन्म झाला, तिथे मी अगदी खरा होतो. ज्याच्यासाठी मला कोरलं त्याचं नाव सिमोस. पारमेनोनचा मुलगा, लारिसाचा राहणारा.

सिमोस उत्तरेच्या राजाचा माणूस. बंदरावरच्या टेकडीवर राजाचा एक किल्ला होता आणि सिमोस तिथल्या साठ शिपायांचा नाईक. आता शिपाई म्हटले की गावाला काय सोसावं लागतं, ते मी सांगायला नको. कोंबड्या जातात, अंजिरं जातात, आणि पाण्यावर जाणाऱ्या बायकांना वाट बदलावी लागते. सिमोसच्या आधीच्या नाईकाच्या काळात हे सगळं झालं होतं. सिमोस आला त्याच आठवड्यात त्याच्या एका शिपायाने कुणाची तरी बकरी नेली. सिमोस ती बकरी स्वतः दोरीला धरून टेकडीवरून खाली घेऊन आला आणि दारोदार विचारत हिंडला, "ही तुमची का हो?" त्याची बोली उत्तरेकडची, जड. लोकांना कळेना, की हा बकरी द्यायला आलाय की आणखी एक न्यायला आलाय. त्या दिवशी तीन घरांनी घाबरून त्याला तीन बकऱ्या काढून दिल्या. संध्याकाळपर्यंत बिचारा चार बकऱ्या घेऊन चौकात उभा होता. गाव ही गोष्ट सांगून पुढे कितीतरी वर्षं हसलं. आधी त्याच्यावर हसलं, मग त्याच्याबरोबर.

मग ते दोन हिवाळे आले. धान्याची जहाजं आलीच नाहीत. आमचं बेट म्हणजे खडक. थोडा सातू, थोडे ऑलिव्ह, बाकी वारा. दुसऱ्या हिवाळ्यात लोक रानकांदे उकडून खाऊ लागले. तेव्हा सिमोसने किल्ल्याचं कोठार उघडलं. राजाला विचारलं नाही, कारण राजा 'नाही' म्हणाला असता हे त्याला ठाऊक होतं. शिपायांना त्याने अर्ध्या भाकरीवर आणलं आणि स्वतः पाव भाकरीवर आला. सातू मापून द्यायला तो स्वतः उभा राहायचा. मिकिओनच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. तिचं माप भरल्यावर सिमोस रोज मोठ्याने म्हणायचा, "मापाला भोक आहे वाटतं, कमी भरलं," आणि आणखी एक ओंजळ टाकायचा. मापाला भोक नव्हतं. ते मिकिओनला ठाऊक होतं, रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीही काही बोललं नाही. न बोलण्याची या गावाला सवय होती. त्या वेळी ती चांगली सवय वाटली.

म्हणून मला कोरलं. 'सिमोस, पारमेनोनचा मुलगा, लारिसाचा, हा आमच्या लोकांशी भल्या मनाचा आहे. भुकेल्यांना त्याने सातू दिला. यासाठी लोकांनी ठरवलं, की त्याला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट द्यावा, बेटावर घर आणि जमीन घेण्याचा हक्क द्यावा, आणि वसंतातल्या नाटकांच्या सणाला पुढच्या रांगेत आसन द्यावं.' गावाची नाटकाची जागा डोंगराच्या उतारात कोरलेली होती, अर्ध्या कढईसारखी. तिच्या प्रवेशवाटेवर माझा दगड उभा राहिला. दर वसंतात दवंडीवाला खारोप्स पुढे येई आणि मानाच्या माणसांची नावं एकेक करून पुकारी. खारोप्सची छाती केवढी आणि आवाज केवढा! सिमोसचं नाव त्याने पुकारलं, की सिमोस लाजून उठे, आणि हमखास चुकीच्या आसनावर बसे. पाच वसंत असे गेले. मित्रांनो, विशेषणाला आणखी काय हवं असतं? शेजारी एक नाव असावं, आणि ते नाव खरं असावं.

सहाव्या वर्षी उत्तरेचा राजा लढाईत हरला. बातमी मासेवाल्यांनी आणली. शिपाई एका रात्रीत होड्यांत बसून निघून गेले. सिमोस गेला नाही. ठरावाने दिलेल्या हक्कावर त्याने एक लहान घर बांधलं होतं, ओव्याच्या उतारावर मधमाश्यांची बारा मडकी मांडली होती. "मला तुमच्या दगडाने ठेवून घेतलंय," असं तो म्हणायचा.

आठवड्याने सकाळी दक्षिणेकडून एक लढाऊ जहाज दिसलं. शिडावर जिंकलेल्यांची खूण. गावाच्या सभेचा मुख्य तेव्हा किनेआस होता, तेलाच्या घाण्यांचा मालक. तो धावतच आला. मागून आणखी दहाबाराजण. मिकिओनला त्यांनी जेवणावरून उठवलं होतं, त्याच्या हातात अजून भाकरी होती.

"खोड," किनेआस म्हणाला.

"काय खोड?"

"राजाच्या माणसाचं नाव. लवकर. हुकूम आहे."

"कुणाचा हुकूम? जहाज तर अजून तिकडे आहे."

"मिकिओन, तू छिन्नी चालव, जीभ नको."

मिकिओनने भाकरी माझ्यावरच्या कडेला ठेवली आणि छिन्नी उचलली. माझ्या शेजारी घाव बसायला लागले. आधी त्याचं नाव गेलं, मग बापाचं, मग गावाचं. घाईघाईत दगडाचे ढलपे उडत होते, आणि मी डोळे मिटून घेतले असते, पण शब्दाला डोळे मिटता येत नाहीत. एका घटकेत काम झालं. माझ्यावरच्या ओळीत फक्त एक खडबडीत खळगा उरला. मला मात्र त्यांनी खोडलं नाही. मी राजाचा नव्हतो ना.

दुपारी जहाज लागलं. कप्तान खाली उतरला, दामागोरास नावाचा एक धिप्पाड, उन्हाने भाजलेला माणूस. किनेआसने वाकून त्याला प्रवेशवाटेवर आणलं, दगडासमोर उभं केलं आणि खळग्याकडे हात केला. कप्तानाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "गोड्या पाण्याची विहीर कुठे आहे?"

त्यांनी पिंपं भरून घेतली, कांद्याच्या चार माळा घेतल्या आणि उन्हं उतरायच्या आत ते निघून गेले.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, की मग दुसऱ्याच दिवशी ते नाव पुन्हा का नाही कोरलं? मीही पुष्कळ दिवस वाट पाहिली. पण खोडायला एक घटका पुरली होती. पुन्हा लिहायचं म्हणजे आधी कुणीतरी सभेत उभं राहून, 'आपण ते का खोडलं' हे सांगायला हवं होतं. म्हणून सगळे म्हणत राहिले, हुकूम होता. काय करणार, हुकूमच तसा होता. हळूहळू त्यांनाही ते खरं वाटू लागलं.

आणि सिमोस त्याच गावात राहत होता. त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाला बोलावं तरी लागतं. लोक त्याचा मध घेत, मान खाली घालून, आणि निघून जात. विहिरीवर तो आला की बायका एकदम घागरी उचलत. गावाने हाक मारायला म्हणून त्याला काही नावच ठेवलं नव्हतं. 'तो मधवाला' म्हणत. 'तो वरचा' म्हणत. चार बकऱ्यांची गोष्टही कुणी सांगेनासं झालं.

तो पहाटे माझ्याकडे यायचा. हात खळग्यात ठेवायचा, दगड गार आहे की काय ते पाहावं तसा, आणि उरलेलं वाचायचा. "'...हा आमच्या लोकांशी भल्या मनाचा आहे.' असा कुणी होता म्हणे," असं मलाच सांगायचा आणि हसायचा. जवळ कुणी नसायचं. मी त्याच्या बोटाखाली असायचो, एवढंच. मला बोलता आलं असतं, तर मी एकच शब्द बोललो असतो. पण शब्दाला आपणहून बोलता येत नाही, कुणीतरी त्याला तोंडात घ्यावं लागतं.

सणाला तो येई. पुढच्या रांगेत मात्र नाही. सगळ्यात वर, रानअंजिराच्या झाडाखाली उभा राही. खारोप्सला मानाची यादी जन्मभराची पाठ होती. ती म्हणताना तो सिमोसच्या जागेशी आला की त्याला खोकला येई. दरवर्षी तिथेच. देवीची पुजारीण, वेशीचा राखणदार, खोकला, आणि मग पुढचं नाव. सगळं गाव त्या खोकल्याची वाट पाही आणि तो झाला की श्वास सोडी. आसन रिकामंच राही. एका वर्षी एक कुत्रं त्यावर येऊन झोपलं, तर किनेआसने स्वतः उठून त्याला हाकललं. म्हणजे जागा कुणाची, हे त्यालाही ठाऊक होतं.

अकरा वर्षं. माझा लाल रंग उडाला. माझ्या खाचांत शेवाळ आलं. कोळ्यांनी खळग्यात घर केलं. या अकरा वर्षांत माझी भावंडं गावोगाव दगडांवर चढली, सभांमध्ये गाजली. मी मात्र कुणाचाच नव्हतो. 'भल्या मनाचा आहे' असं म्हणत होतो आणि कोण, ते सांगत नव्हतो.

बाराव्या वसंताच्या आधी किनेआस पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आता त्याचे केस पिकले होते. बरोबर मिकिओन होता.

"बघ, दामागोरास आता बंदराचा अधिकारी होऊन येतोय. सणाला इथेच असणार. त्याला मान द्यायला हवा."

"द्या की. नवा दगड मागवा."

"नवा कशाला? दगड उभा आहे, स्तुती लिहून तयार आहे, आसन मोकळं आहे. मधल्या खळग्यात त्याचं नाव बसतंय बरोबर. मी बोटांनी मोजून पाहिलं."

मिकिओनने खळग्याखालच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "या स्तुतीत भुकेल्यांना सातू दिल्याचं लिहिलंय."

"मग?"

"त्याने आपले कांदे नेले होते."

"मिकिओन, तू पाथरवट आहेस. सांगितलं तेवढं कोर."

"तेच तर आजवर करत आलो," मिकिओन म्हणाला.

तो रोज यायचा, हत्यारं मांडायचा आणि कुरकुरायचा. दगड ओला आहे. छिन्नी बोथट झालीय. आज वारा आहे, डोळ्यांत कण जातात. सणाला चार दिवस उरले आणि खळगा तसाच होता. त्या पहाटे सिमोस आला, तर मिकिओन आधीच माझ्यापाशी बसलेला. दोघंही दचकले. अकरा वर्षांत ते एकमेकांसमोर असे उभे राहिले नव्हते.

"कोरणार आहेस म्हणे," सिमोस म्हणाला. त्याची बोली अजून तशीच जड होती.

मिकिओनने मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

"कोर रे. रिकामी जागा मलाही बघवत नाही. निदान दगडाला कुणी माणूस मिळेल." मग त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. "याला मात्र धक्का लावू नकोस. हा फार चांगला उतरलाय."

"तुम्ही?"

"मी चाललो. सण झाला की दुसऱ्या दिवशी धान्याचं जहाज परत फिरतंय, त्यातून. मधमाश्यांची मडकी शेजारणीला सांगून ठेवलीत. लारिसात माझ्या ओळखीचं कुणी असेल असं नाही. पण तिथे मला निदान कुणी ओळखतच नसेल. ते सोसतं."

मिकिओनने काही बोलावं म्हणून सिमोस थोडा थांबला. मग कमरेला हात लावून वळला आणि चढ चढू लागला. तेव्हा मिकिओन एकटाच पुटपुटला, "मापाला भोक नव्हतं."

पण सिमोस दूर गेला होता.

मित्रांनो, आज मी त्याच बेटावर मातीत पालथा पडलो आहे. माझं तोंड खाली आहे, वर कुणाच्या तरी शेळ्या चरतात. आता मला वाचणारं कुणी नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारखे शब्द तुमच्याही भाषेत आहेत. ते माणूस जवळ आहे तोवर, त्याच्या तोंडावर म्हणा. दगडावर लिहून ठेवलं की म्हटल्यासारखं होतं, असं समजू नका. आणि एकदा म्हटलंत, तर मग वारा कुठूनही येवो, ते मागे घेऊ नका. भली माणसं स्वतःहून काही मागत नाहीत. ती चढ चढून जातात, आणि आपण मागे पुटपुटत राहतो.

आता त्या सणाचं सांगतो आणि थांबतो.

सगळं गाव पायऱ्यांवर बसलं होतं. भाजलेले चणे, सुकी अंजिरं, पोरांची रड, सगळं नेहमीसारखं. प्रवेशवाटेवर, माझ्या अगदी शेजारी, दामागोरास नवा झगा घालून उभा होता. नाव पुकारलं की आत जायचं, असं त्याला सांगितलं होतं. माझा खळगा किनेआसने आयत्या वेळी फुलांच्या माळेने झाकला होता. दामागोरासला वाटलं, माळेखाली आपलं नाव आहे. वर रानअंजिराखाली सिमोस उभा होता, प्रवासाचं गाठोडं पायाशी.

खारोप्स पुढे आला. म्हातारा झाला होता, पण आवाज तोच. देवीच्या पुजारणीला पुकारलं. ती बसली. वेशीच्या राखणदाराला पुकारलं. तो बसला. मग ती जागा आली.

दामागोरासने झगा सारखा केला.

खारोप्सने तोंड उघडलं, आणि त्याला खोकला आला.

अकरा वर्षांची सवय. बिचाऱ्याने पुन्हा घसा खाकरला, पुन्हा खोकला. पायऱ्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. किनेआस दातओठ खाऊन म्हणाला, "नाव घे! नवं नाव घे!"

"घ्यायचंच तर जुनं घे की, खारोप्स!" मधल्या पायरीवरून आवाज आला. "खोकला कसला काढतोस दरवर्षी? ओवा खा आणि नाव घे!"

मिकिओन उभा राहिला होता. त्याच्या बायकोने त्याचा झगा ओढला. शेजारी तिचा मोठा मुलगा बसला होता, त्या भुकेच्या हिवाळ्यानंतर जन्मलेला, आता दाढीमिशा फुटलेला.

"खाली बस!" किनेआस ओरडला. "पाव्हण्यासमोर शोभा करतोस?"

"पाव्हण्यालाच विचारा. अहो कप्तान, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही इथे उतरलात, तेव्हा हे नाव खोडा म्हणून हुकूम केला होता?"

दामागोरासने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. "कुठलं नाव? मी पाण्याला आलो होतो."

मिकिओन पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला. त्याने फुलांची माळ उचलून बाजूला ठेवली आणि सगळ्यांना तो खळगा दिसू दिला. त्यात काही कोरलेलं नव्हतं.

त्याचा आवाज खारोप्ससारखा नव्हता. कुरकुर करणारा, घशातल्या घशातला, तसाच होता. पण ती जागाच अशी बांधलेली, की पुटपुटलेलंही सगळ्यात वरपर्यंत जाई, रानअंजिरापर्यंत.

"कुणाचा हुकूम नव्हता," मिकिओन म्हणाला. "आपण भ्यालो, आणि मी खोडलं. सिमोस आपल्याशी भल्या मनाचा होता. आपण त्याच्याशी नव्हतो."